तिसऱ्या खलनायकाचं पाऊल

विलास,

तू गेलास म्हणून मी तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं लिहीन, या भ्रमात राहू नकोस. ते काम तालुक्याच्या पेपरानं केलंय. चौकटीत तुझा फोटो आणि खाली, 'मनमिळाऊ, हसतमुख, सर्वांना सांभाळून घेणारे क्लॅरिनेटवादक'. मी ते शालनवैनींना वाचून दाखवलं, तर त्यांनी मलाच विचारलं, "आवं भावजी, ह्यो फोटू कुणाचा हाय म्हणायचा?"

अख्ख्या आष्ट्याला ठाऊक आहे की तू कुणाला सांभाळूनबिंभाळून घेतलं नाहीस. तू डूख धरणारा माणूस होतास. कोण कुठल्या लग्नात तुला काय बोललं, पंगतीत कुणी तुझ्या पानावर गार पुरी टाकली, सगळं तुझ्या डोक्यात असायचं. बोलणारा विसरून जायचा, तू विसरायचा नाहीस. आणि तुझी बदला घ्यायची तऱ्हा अशी की ज्याच्यावर घेतलास तोच खूश होऊन टाळ्या वाजवायचा.

आता मीही सूडावर आलोय. तुझ्या दहाव्याला जे कळलं त्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. पण क्रमानं सांगतो. तुझी बाजू मांडायला तू इथं नाहीस, आणि त्याचा मला पुरेपूर फायदा घ्यायचा आहे.

रहिमतपूरची वरात आठव. बँडच्या पुढं तू क्लॅरिनेट घेऊन, मागं गाड्यावर मी कीबोर्ड घेऊन. वरातीच्या तोंडाशी नवरदेवाचा चुलता, पलटणीतून सुभेदार होऊन आलेला, डोक्याला फेटा आणि मिशी अशी की तिला वेगळं ताट वाढावं. त्यानं भर चौकात हात वर केला. "ए बाजेवाला, रुको. मी थांब म्हटलं की थांबायचं, चालू म्हटलं की चालू. डिशिप्लीन पायजे." मग पाहुण्यांना मजा दाखवायला त्यानं तुला थांबवलं, वाजवायला लावलं, परत थांबवलं. पोरं "रुको, रुको" म्हणून ओरडायला लागली. तू मान खाली घालून उभा होतास. मला वाटलं, अपमानानं खाली गेली. तू त्याचे पाय बघत होतास.

त्याचा उजवा पाय जोरात आपटायचा आणि डावा मागून ओढत यायचा. तू पुन्हा वाजवायला लागलास ते त्या पायांवर. उजव्याला दणदणीत सूर, डाव्याला लांबलेला, किंचित उतरलेला. ड्रमवाल्याला नुसतं डोळ्यानं सांगितलंस. सुभेदार जितका ताठ चालेल तितका तू त्याला फुगवायचास आणि डाव्या पायाला सगळी हवा काढून घ्यायचास. वरात हसून हसून वाकली आणि आपण कशाला हसतोय ते कुणालाच सांगता येईना. सुभेदाराला वाटलं, लोक आपल्यावर खूश आहेत. शेवटी त्यानं तुझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आता कसं जमलं."

परतीच्या टेम्पोत तू मला सांगितलंस की ह्याला पाऊल चोरणं म्हणायचं. वाजवणाऱ्यानं माणसाचं पाऊल उचलायचं आणि त्याच्या देखत त्यालाच वाजवून दाखवायचं. मी म्हणालो, "पण त्याला कळलंच नाही. मग बदला कसला?"

"कळलं तर त्यो बी बदला घील," तू म्हणालास. "मग त्ये भांडान झालं गड्या. बदला म्हंजी आपल्या बाजूनं मिटलं पायजे."

मी ते कधीच मान्य केलं नाही. ज्याला मारलं त्याला लागलंच नाही, तर मारणाऱ्याच्या हाताला काय मिळालं? हा वाद आपण लग्नाच्या मांडवात घातला, एस्टी स्टँडवर घातला, तुझ्या पोराच्या भरतीच्या दिवशीसुद्धा घातला. तू चहाचा कप खाली ठेवून दरवेळी तेच म्हणायचास, "तुला न्हाई कळायचं." त्या वाक्यात काय दडलं होतं ते आता कळतंय.

मग डीजे आले आणि बँडच्या सुपाऱ्या आटल्या. मी सांगलीत एक खोली घेऊन भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकले आणि तिला स्टुडिओ म्हणायला लागलो. उसाच्या हंगामात रस्त्यावरून ट्रॅक्टर गाणी लावून जायचे, तेवढा वेळ रेकॉर्डिंग बंद. अशा खोलीत ती जपानी कार्टून मालिका आली. डबिंग करणाऱ्या पुण्याच्या ओळखीच्या माणसाची अडचण अशी होती की, मालिकेतले तीन विनोदी खलनायक ज्या प्रसंगांत येतात, तिथं जपानी बोलणं आणि संगीत एकातच मिसळलेलं होतं. बोलणं पुसलं की संगीतही जायचं. तेव्हा त्या तिघांचं पार्श्वसंगीत मराठीसाठी नव्यानं करायचं होतं.

गोष्ट साधी. डोंगरावरच्या देवळातला दिवा एक मुलगी राखते, आणि हे तिघं प्रत्येक भागात तो चोरायला येतात आणि डोंगरावरून खाली पडतात. पहिला म्होरक्या, त्याला आपण मिशाळ म्हणायचो. दुसरी एक उंच बाई, सतत पंखा हलवणारी. तिसरा गोल, भित्रा, पाठीवर सगळ्यांचं सामान घेऊन पळणारा. त्याचं नाव तू ठेवलंस, गठुडं.

पुण्याच्या माणसाला टुंइंग, पुंइंग असले आवाज हवे होते. मी कीबोर्डवर ते काढूनही ठेवले. तू ऐकलंस आणि क्लॅरिनेट पेटीत घालायला लागलास. "आपण हसायचं न्हाई," तू म्हणालास. "मिशाळाला ठावं न्हाई त्यो इनोदी हाय. त्याला वाटतंय त्यो राजा हाय. राजासारखंच वाजवायचं. फकस्त एक पाय वढायचा." आणि तू रहिमतपूरच्या सुभेदाराला वाजवलंस. इतक्या वर्षांनी, डावा पाय जसाच्या तसा. मी खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. त्या दिवशी मी जे शिकलो ते मला कुठल्या क्लासात मिळालं नसतं, हे लिहायला हात जड होतोय, पण खरं आहे. हसू आपण वाजवायचं नसतं. आपण खरं वाजवायचं, हसणारे हसतात.

पंखेवाली म्हणजे तुझी ती परीक्षक. सांगलीच्या स्पर्धेत तुझं अर्धं वादन झाल्यावर उठून गेलेली, "हे लग्नातलं वाद्य आहे, इथं कशाला" असं शेजारणीला मोठ्यानं सांगत. तिच्या टाचांचा टक टक आवाज तू जपून ठेवला होतास. मालिकेत ती चिखलात पडते तेव्हा टाचांचा शेवटचा टक ऐकू येत नाही, फच्च येतो. ते तू स्वतः ओल्या फडक्यावर हात आपटून काढलंस आणि दिवसभर खूश होतास.

"आणि गठुडं कोण?" मी विचारलं होतं.

"त्यो कुणी न्हाई. त्यो मनातनं आलाय."

तिघांत गठुड्याचीच धून सगळ्यात सरस होती, विलास. ठप, ठप, ठप, आणि चौथा ठोका गायब. त्या जागी क्लॅरिनेट घसरून वर चढायचं, अंगात कापरं भरल्यासारखं. मी त्याच्या प्रेमात होतो. तीच धून मी सगळ्यात जास्त वेळा तुझ्याकडून वाजवून घेतली. "अजून एकदा," मी म्हणायचो, माईक सरकवायचो, परत खुर्चीवर यायचो, "अजून एकदा." पुण्याच्या माणसानं फोनवर विचारलं की चौथा ठोका का नाही, तर मी त्याला लंबंचौडं सांगितलं, गठुड्याचं मन पायाच्या पुढं पळतं, म्हणून ठोका सुटतो. तू शेजारी बसून क्लॅरिनेट पुसत होतास. म्हणालास, "लय भारी सांगितलंस." आणि एकदा तर मीच सुचवलं, "ह्याला अजून थोडा भित्रा कर." तू माझ्याकडं बघितलंस, रीड ओठात ओली केलीस आणि म्हणालास, "तू म्हणतुयास तर करतो."

हे सगळं लिहिताना माझे कान तापलेत.

त्याच महिन्यांत तू मधूनमधून मिरजेला जायचास. पाहुण्याकडं, असं सांगायचास. मिरजेत तुझा कुठला पाहुणा, मला प्रश्न पडायचा. मला वाटलं पोराला मुलगी बघतोयस आणि मला शेवटच्या क्षणी पत्रिका देऊन चकवणार आहेस. मी 'अजून एकदा' म्हटलं की तू म्हणायचास, "थांब, च्या पिऊ." मला वाटलं आळस. तू मिरजेला हृदयाच्या डॉक्टरकडं जात होतास आणि डॉक्टरनं तुला फुंकायचं वाद्य बंद करायला सांगितलं होतं. हे मला वैनींनी सांगितलं, तू नाही. मला सांगितलं असतंस तर मी रेकॉर्डिंग थांबवलं असतं, हे तुला माहीत होतं, म्हणूनच नाही सांगितलंस. बाकीच्या खोड्यांचा हिशोब मी हसत मांडेन. याचा नाही. तू जेवून दुपारी पडलास आणि उठला नाहीस, आणि मी इकडं सांगलीत तुला फोनवर शिव्या देत बसलो होतो, उचलत नाही म्हणून. याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही.

आता दहाव्याचं सांगतो.

नदीवर पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर कावळे बसून होते, पण एक खाली येईना. तुझा पोरगा सुट्टी काढून आलेला, हात जोडून म्हणाला, "दादा, आईला एकटी ठेवत न्हाई." कावळे हलले नाहीत. तुझ्या भावानं सांगितलं, क्लॅरिनेट घराबाहेर जाणार न्हाई. तरी नाही. कुणी बँडच्या वर्दीचं काढलं, कुणी घरावरच्या पत्र्याचं. ऊन चढायला लागलं आणि माणसं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी तुझ्या थोरल्या चुलत्यांनी मला हाक मारली. "परकाश, तू बोल बाबा. तुझ्यात अडकला आसंल त्येचा जीव."

मी वरच्या पायरीवर होतो. लॅपटॉपची बॅग मी गाडीत ठेवत नाही, तुला माहीत आहे, ती खांद्याला होती. घाईनं उतरायला लागलो. पायऱ्या ओल्या, बॅग दर पावलाला गुडघ्यावर आपटतेय, आणि मधेच एक चप्पल चिखलात रुतून मागं राहिली. आणि त्या सगळ्या शांततेत शालनवैनी हसल्या.

तोंडात पदर कोंबला त्यांनी, पण खांदे हलत होते. बायकांना वाटलं रडू फुटलं, त्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मी जवळ गेलो तसं वैनींनी डोळे पुसले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, ह्ये म्हणायचे, म्या जित्ता हाय तवर पक्याला सांगायचं न्हाई. मेलो की सांग. मग काय करंल त्यो?"

"काय सांगायचं?"

"त्ये गठुडं तुमी हायसा."

मला आधी कळेना. मग त्या म्हणाल्या, "कोयनानगर," आणि मला सगळं कळलं.

कोयनानगरच्या वसाहतीतलं लग्न. जेवणावळीत तू संथ काहीतरी वाजवत होतास आणि मी खाली सूर धरून होतो. जमीन हलली. पातेली खणखणली, छताचा पंखा डुलला. मी कीबोर्ड काखेत मारला आणि दाराबाहेर. एक चप्पल उंबऱ्यात राहिली. मैदानात पोचून मागं वळून बघितलं तर माझ्याशिवाय तिथं कुणीही नव्हतं. कोयनेची माणसं पंगतीत बसलेली. एका म्हाताऱ्या बाबांनी फक्त आमटीची वाटी हातात उचलून धरली होती, सांडू नये म्हणून. आणि तू एकटा, खालचा सूर नसताना, तुझं संपेपर्यंत वाजवत होतास.

त्यावर तू कधी एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, विसरलास. तू आणि विसरणार. ठप, ठप, ठप हे माझे पाय, आणि चौथा ठोका म्हणजे उंबऱ्यातली चप्पल. वर चढणारं कापरं माझं. मी अजूनही सांगतो, जमीन हलली की शहाणा माणूस पळतो, आणि त्या पंगतीत शहाणा मी एकटाच होतो. पण हे मी आता कुणाला सांगू? इथल्या प्रत्येक घरातली पोरं माझं पाऊल तोंडानं वाजवत शाळेला जातात.

वैनींचं बोलणं संपतंय तोवर मागं गलका झाला. कावळा शिवला होता. सगळ्यांनी हात जोडले. चुलते माझ्याकडं आले. "काय कबूल केलंस रं त्याला?"

"काही नाही, आण्णा."

"न्हाई कसं? तू खाली गेल्यावरच शिवला की."

म्हणजे बघ, विलास, आपला वाद शेवटी तूच मिटवलास आणि माझ्या बाजूनं. ज्याच्यावर बदला घेतला त्याला कळलं पाहिजे, हे तुलाही पटलेलं होतं. पटलं नसतं तर वैनींना सांगून गेला नसतास. फक्त कळेल तेव्हा त्याला उलट हात उगारता येऊ नये, एवढी सोय तू करून ठेवलीस. सुभेदाराला आणि परीक्षकबाईला तू न कळता सोडलंस. मला एकट्याला कळवलंस. यात मी काय समजायचं ते मला समजलंय, आणि म्हणून राग कमी होईल असं नाही. मी तुला एका गाण्यात मधेच सोडून पळालो. तू मला अख्ख्या मालिकेत सोडून गेलास.

पण तू एक गोष्ट विसरलास. मी काही पुसत नाही.

'अजून एकदा' म्हणून तुझ्याकडून जे जे वाजवून घेतलं, ते सगळं माझ्याकडं आहे. चांगलं, वाईट, अर्धवट, मधेच ट्रॅक्टर आलेलं. परवा ते ऐकायला बसलो. सूर सुरू होण्याआधी खुर्ची करकरते. तू खाकरतोस. डाव्या चपलेचा पट्टा सैल असल्यासारखी ती जमिनीवर घासते, मग छोटा खोकला, मग श्वास. पुढंपुढं तो श्वास आखूड होत गेलाय. सूर जिथं तुटलाय तिथं मी त्या वेळी 'नीट लक्ष दे' म्हणालो होतो, माझाच आवाज आहे त्यात. मी संगणक बंद केला आणि बाहेर जाऊन रस्त्यावरच्या हळदीच्या पोत्यांवर बसून रडलो. हमाल म्हणाला, "मालक, पोती वली हुत्याल." मग राग आला, आणि रागात काम चांगलं होतं हे मी तुझ्याकडूनच शिकलोय. परत आत गेलो.

मालिकेच्या पुढच्या पर्वात त्या तिघांवर एक मुकादम येतो. चौथा खलनायक. स्वतःला फार चतुर समजतो, सगळ्यांवर डूख धरतो, महिनोन्महिने सापळे रचतो आणि दर भागात स्वतःच्याच सापळ्यात पाय घालतो. त्याला पाऊल हवं होतं. मी तुझं दिलं. चपलेची फरफट, खाकरणं, छोटा खोकला, आणि मग राजाच्या थाटात तुझं क्लॅरिनेट, तूच वाजवलेलं. हसू मी कुठंही वाजवलेलं नाही. तू सांगितलंस तसंच केलंय, सगळं खरं. पुण्याच्या माणसानं ऐकून फोन केला, "हा तर तिघांनाही खाऊन टाकतोय, कुणी वाजवलंय?" मी तुझं पूर्ण नाव सांगितलं आणि ते पडद्यावर लिहायला लावलं, म्हणजे गावात कुणाला शंका राहायला नको.

वैनी सांगलीला आल्या होत्या, त्यांना ऐकवलं. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "ह्ये त्येच की. आंघुळीला निघालं की आसंच चालत्यात." आणि मग मला म्हणाल्या, "भावजी, आजून एकदा लावा." मी लावलं. त्यांनी परत तेच सांगितलं, मी परत लावलं.

तर असं आहे. तुला वाटलं मेलं की सुटलो. पण ही मालिका तू पाहिलीयेस, तिचा कायदा तुला ठाऊक आहे. विनोदी खलनायक तिच्यात मरत नाही. या रविवारी तू डोंगरावरून खाली पडतोस, सगळ्या आष्ट्यादेखत, तुझ्याच सापळ्यातून. आणि त्याच्या पुढच्या रविवारी, चप्पल फरफटत, खाकरत, तुला परत यावं लागणार आहे.